सासरेबुवांचं हॉर्सरॅडिश

माणसानं मतं बाळगावीत, पण सॉसबद्दल बाळगू नयेत, असं माझं आताशा मत झालं आहे. आमच्या मिकलबी गावात राजकारणावरून कुणी भांडत नाही, धर्मावरून तर नाहीच नाही. पण बेकनच्या सँडविचला लाल सॉस की तपकिरी, एवढं विचारा आणि चटकन बाजूला व्हा. आमचे डावीकडचे शेजारी ब्रायन लम्ब लालवाले. ते माशालासुद्धा लाल सॉस लावतात आणि वर आपल्याकडे अशा नजरेनं बघतात, की जणू चूक माशाची आहे. उजवीकडच्या मिसेस पॉगसन सगळ्यावर सॅलड क्रीम ओततात. एकदा मी त्यांना केळ्यावर ओतताना पाहिलं. तेव्हापासून मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत नाही. मी स्वतः तपकिरीवाला. हे मी कधी लपवलेलं नाही, आणि त्याबद्दल जे सोसायचं ते सोसलेलं आहे.

पण ही सगळी हौशी मतं झाली. खरी, कसलेली मतं होती ती माझ्या सासरेबुवांची. एनॉक मिजली, वय वर्षं ब्याण्णव, त्यांतली पंचेचाळीस वर्षं मिकलबीच्या बाजारपेठेत खाटकाचं दुकान. आता मुक्काम टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. कोकराला पुदिन्याचा सॉस, डुकराला सफरचंदाचा, बीफला हॉर्सरॅडिश नावाच्या झणझणीत मुळाचा. ह्यात इकडचं तिकडे झालं की म्हाताऱ्याला ताप चढायचा.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी आम्ही नवराबायको त्यांच्याबरोबर जेवायला गेलो होतो. ताटात बीफ होतं, यॉर्कशर पुडिंग होतं, ग्रेव्ही होती आणि कडेला पांढऱ्या सॉसचा एक ठिपका. सासरेबुवांनी काट्यानं तो ठिपका उचलला, जिभेला लावला आणि काटा खाली ठेवला.

“हे काय आहे?”

“हॉर्सरॅडिश आहे, बाबा,” डोरीन म्हणाली. डोरीन म्हणजे माझी बायको.

“हे? हा भिंतीला मारायचा चुना आहे. हॉर्सरॅडिश खाल्लं की माणसाला आपले गेलेले नातेवाईक समोर दिसले पाहिजेत. मला समोर फक्त सिरिल दिसतोय.”

सिरिल म्हणजे मी.

त्यांनी ताट सरकवलं. त्या दिवशी ते काही जेवले नाहीत, आणि ते पहिल्यांदाच होत नव्हतं. आश्रमाच्या व्यवस्थापक शेरिलबाईंनी आम्हाला दारापाशी गाठून सांगितलं, दोन महिन्यांत सात पौंड वजन उतरलंय. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. “खायचंच नाही म्हणतात. कोणी भेटायला आलं तर बरं वाटेल, पण त्यांच्या वयाचं आता उरलंय कोण?”

गाडीत डोरीननं पर्समधून रुमाल काढला. रुमालाची घडी घालायची, उलगडायची, परत घालायची. छत्तीस वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलोय की रुमालाच्या चौथ्या घडीनंतर नवऱ्यानं काहीतरी बोलावं. मी बोललो.

“मी बनवतो हॉर्सरॅडिश. खरं. मुळापासून.”

कौन्सिलच्या गटार खात्यात चौतीस वर्षं मी एकही आश्वासन फायलीवर नोंदवल्याशिवाय दिलेलं नव्हतं. निवृत्तीनंतरचं हे पहिलंच, आणि ते तोंडी.

आता हॉर्सरॅडिशचं मूळ म्हणजे मुळ्यासारखंच, फक्त स्वभावानं तापट. दुकानात मिळतो तो बाटलीतला चुना. मूळ कुठेच मिळेना. मी कुंपणापाशी लम्बना सहज विचारलं. लम्बना सहज काही विचारायचं नसतं, हे मी दर वेळी विसरतो.

“जुन्या रेल्वेच्या बांधावर चिक्कार माजलंय,” ते म्हणाले. “फावडं घ्यायचं, उपटायचं, घरी. त्यात काय एवढं?”

“ती जमीन कोणाची आहे?”

“सिरिल, मुळं काढायचीत. खजिना नाही.”

पण मालकाच्या परवानगीशिवाय रानातलं झाड मुळासकट उपटणं आपल्याकडे गुन्हा आहे. ज्या माणसानं चौतीस वर्षं दुसऱ्यांना परवानग्या नाकारल्या, त्यानं स्वतः विनापरवानगी उकरावं? मी रेल्वेच्या कचेरीत फोन केला. ते म्हणाले, बांध आता कौन्सिलकडे. कौन्सिल म्हणालं, उद्यान विभाग. उद्यान विभाग म्हणाला, बांधाखालून नाला जातो, तेव्हा गटार खातं.

माझं खातं! मला आनंद झाला. फोनवर एक तरुण मुलगी होती.

“त्याला डी-सतरा फॉर्म लागेल सर. नकाशाच्या तीन प्रती. जरा किचकट आहे, सांभाळून भरा. जुन्या काळी कुणीतरी बनवून ठेवलाय, आम्हीसुद्धा वैतागलोय त्याला. तो माणूस रिटायर झाला तेव्हा ऑफिसात केक कापला होता म्हणे.”

त्या केकचा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. मी तिला पत्ता दिला आणि फॉर्म पाठवायला सांगितलं.

फॉर्म आला. ‘खोदकामाचा उद्देश’ ह्या सदराखाली तीनच चौकटी होत्या: पाइप, केबल, मलनिस्सारण. ‘इतर’ ही चौकट नव्हती. ती नसावी ह्यासाठी मीच एका बैठकीत वीस मिनिटं बोललो होतो. ‘इतर’ ठेवलं की लोक वाट्टेल ते लिहितात, असं माझं म्हणणं पडलं होतं आणि साहेबांनी मान डोलावली होती. आता बीफबरोबर खायच्या सॉससाठी मी मलनिस्सारणावर खूण केली. सही मात्र नेहमीपेक्षा बारीक केली.

एकोणिसाव्या दिवशी परवानगी आली. खोली एक फुटापेक्षा जास्त नको, अशी अट होती. अट चांगली होती. बहुधा तीही माझीच असावी.

शनिवारी सकाळी डोरीनला केस कापायला सोडलं. तिथून ती बहिणीकडे जाणार होती. मी फावडं, मोजपट्टी आणि परवानगीचा कागद घेऊन बांधावर गेलो. न बोलावता लम्बही आले, सोबत थर्मासमध्ये चहा. तो त्यांनी एकट्यानंच प्यायला. हॉर्सरॅडिशची पानं पिवळी पडून लोळली होती, पण खाली मूळ असं घट्ट बसलेलं, की जणू पलीकडून कोणी धरून ठेवलंय. मी एक फूट खणलं आणि मोजपट्टी लावली. मूळ आणखी खाली चाललं होतं.

“थांबलास का?” लम्ब.

“एक फूट झालं.”

“अरे, पण मूळ कुठे संपलंय? मुळाला वाचता येतं का तुझा कागद?”

“नियम आहे, ब्रायन.”

“मग वरच्या वर ओढ. कंबरेतून नाही, गुडघ्यातून. गुडघ्यातून रे! माझा मेहुणा असाच कंबरेतून ओढायला गेला, तो अजून वाकडा चालतो.”

मी गुडघ्यातून ओढलं. मूळ तुटलं आणि मी पाठीमागे खाजकुइरीसारख्या झुडपात बसलो. कुत्रं फिरवणाऱ्या एका बाई थांबल्या. खड्डा पाहिला, फावडं पाहिलं, मला पाहिलं, आणि कुत्र्याला घेऊन लगबगीनं निघून गेल्या. मी मागून परवानगीचा कागद उंच धरून दाखवला, त्यावर त्या पळायलाच लागल्या.

असो. दुपारी दोन वाजता आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार धुतलेली मुळं होती आणि मी किसणी हातात घेतली होती. डोरीननं बजावून ठेवलं होतं, “किसायचं ते बागेत. घरात नाही.” पण बाहेर गार वारा होता, आणि मला वाटलं, कांदा चिरतो माणूस, मग मूळ किसायला काय झालं?

पहिल्या मुळाला नाक चुरचुरलं. दुसऱ्याला डोळे गळू लागले. तिसऱ्याच्या वेळी मला किसणी दिसेना, आणि चौथं मूळ मी निव्वळ अंदाजानं किसलं. त्यात थोडा अंगठाही गेला असावा. मग सगळा कीस वाटीत गोळा करून, वास बरोबर आलाय का हे बघायला मी त्यात नाक घातलं. डोक्यात कुणीतरी दिवा पेटवून तो कवटीच्या आतल्या बाजूला टेकवावा, तसं झालं. मी चाचपडत मागचं दार उघडलं आणि पायरीवर बसून ढसाढसा रडू लागलो.

कुंपणापलीकडे मिसेस पॉगसन कपडे वाळत घालत होत्या. बाई मनानं फार चांगली. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाचा गैरसमज व्हायला नको.

“सिरिल? अगबाई, काय झालं? डोरीनच्या वडिलांचं काही…?”

“हो,” मी म्हणालो. म्हणजे, हो, डोरीनच्या वडिलांसाठीच चाललंय हे.

बाईंनी छातीवर हात ठेवला. “संपलं सगळं?”

चार मुळं होती, चारही किसून झाली होती. “संपलं एकदाचं.”

“कधी?”

“आत्ताच. पाच मिनिटं झाली.”

“फार त्रास झाला का हो?”

“फार. शेवटपर्यंत चिवट. सुटता सुटेना.”

“होतेच तसे ते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनाही हुंदका फुटला. मला वाटलं, वास कुंपणापर्यंत पोचला. “डोरीनला कळवलंत?”

“तिला अजून माहीत नाही. आली की दाखवतो. बरणीत भरायचंय अजून.”

“बरणीत? इतक्यात?”

“लगेच भरावं लागतं. नाहीतर जोर निघून जातो.”

ह्यावर बाईंच्या हातातला चिमटा खाली पडला. मग “तुम्ही बसा, काही करू नका, मी बघते सगळं,” असं म्हणून कपडे तसेच टाकून आत गेल्या. मला भरून आलं. किती समजूतदार शेजार आपला, एका सॉससाठी एवढी आपुलकी! मी आत येऊन किसात व्हिनेगर घातलं, मग मोहरी, मीठ, साखर आणि घट्ट साय. बरणी भरली, झाकण लावलं आणि डोळ्यांवर ओला रुमाल टाकून आरामखुर्चीत पडलो.

चार वाजता दाराची घंटा वाजली. पोस्टातल्या बाई होत्या, हातात झाकलेलं भांडं. खिमा, त्यावर बटाट्याचा थर. “आता तुम्हाला रांधायला कुठे सुचणार,” म्हणाल्या. मी म्हणालो, खरंय, माझे डोळे गेलेत. त्यांनी मला मिठी मारली. स्टेशनजवळच्या जोडप्यानं दुसरं भांडं आणलं. त्यातही खिमा, त्यावर बटाटा. साडेपाचपर्यंत सात भांडी झाली, त्यांतली सहा खिमा-बटाट्याची. माझं ह्याबद्दल एक मत आहे, ते मी आता सांगत नाही. शिवाय लम्ब आले. बेकन, पाव आणि सोबत तपकिरी सॉसची बाटली. सालस चेहऱ्यानं म्हणाले, “आज तपकिरीच आणलाय, सिरिल.” तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की काहीतरी भयंकर झालेलं आहे. पण मला दिसत होतं अर्ध्या डोळ्यानं, आणि प्रत्येक जण एक पाकीटही देऊन जात होता. ती पाकिटं मी न उघडता शेल्फवर रचत होतो. मला वाटलं, चर्चची कसलीतरी वर्गणी.

सहा वाजता डोरीन आली. ती फाटकातून आत शिरत असतानाच मघाशी भांडं देऊन गेलेले आमच्या चर्चचे पाद्री पुन्हा समोरून आले आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“ते आता शांत आहेत, डोरीन. त्यांच्या सगळ्या तक्रारी संपल्या.”

मी दार उघडलं तेव्हा डोरीनचा चेहरा पांढरा पडला होता. नवीन कापलेल्या केसांत ती एकदम लहान दिसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे लालभडक, सुजलेले. मागे टेबलावर सात भांडी.

“सिरिल,” ती म्हणाली, “मला फोन का नाही केलास?”

“बघ तर खरं आधी,” मी उत्साहानं म्हणालो, “बरणीत भरून ठेवलंय.”

ती मटकन पायरीवर बसली. आणि मग, एकदाचं, माझ्या डोक्यात सगळं एका रांगेत उभं राहिलं: मिसेस पॉगसन, भांडी, मिठी, पाकिटं, तपकिरी सॉस. मी ओरडलो, “अगं नाही, नाही! हॉर्सरॅडिश! हॉर्सरॅडिश आहे ते!” पाद्रींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की दुःखात माणूस काहीही बोलतो.

डोरीन उठली, फोनपाशी गेली, आश्रमाचा नंबर फिरवला. पलीकडे घंटा वाजत असताना तिनं एक हात भिंतीला टेकवला होता. शेरिलबाईंचा आवाज मलासुद्धा ऐकू आला.

“तुमचे बाबा? आहेत की. कस्टर्डात गुठळ्या आहेत म्हणून आचाऱ्याला बोलावून घेतलंय त्यांनी. देऊ का?”

“नको,” डोरीन म्हणाली. फोन ठेवला आणि रडली. पाद्री हळूच निघून गेले. जाताना त्यांनी आपलं भांडं उचलावं की ठेवावं असा विचार केलेला मला दिसला. ठेवलं.

मी कुंपणाकडे जाऊन मिसेस पॉगसनना खरं काय ते सांगितलं. त्या इतक्या खजील झाल्या, की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. परत आलो तर डोरीन टेबलाशी पाकिटं उघडून बसलेली. सगळी शोकपत्रं. ती वाचत होती आणि हसत होती, की रडत होती, माझ्या डोळ्यांना नीटसं कळत नव्हतं.

“हे ऐक,” ती म्हणाली. ‘मिस्टर मिजलींनी एकोणीसशे एकाहत्तर साली मला भर दुकानात सांगितलं की माझी ग्रेव्ही म्हणजे गढूळ पाणी आहे. मी तीन महिने दुकानात गेले नाही. मग घरी जाऊन पुन्हा चव बघितली. त्यांचं बरोबर होतं.’

दुसरं तिनं मोठ्यानं वाचलं नाही, माझ्या हातात दिलं. स्टेशनजवळच्या बाईंचं होतं. त्यांच्या आईचे दात गेले तेव्हा मिजली त्यांचं मांस अगदी बारीक चिरून द्यायचे. पण दुकानात चार लोक असले की मोठ्यानं म्हणायचे, ‘आज सुरीला धार नको तेवढी लागलीय, बाई, बारीकच होतंय, चालवून घ्या.’ आईला मरेपर्यंत वाटत होतं, दोष सुरीचा.

“बाबा हे कधी बोलले नाहीत,” डोरीन म्हणाली.

“ते माझ्याशी फक्त माझ्या चुका बोलतात,” मी म्हणालो. ती हसली. मग आम्ही खिमा-बटाटा खाल्ला. सोबत काहीही लावलं नाही. दोघांनाही त्या दिवशी सॉसचं नाव नको होतं.

रविवारी बरणी आणि पत्रं घेऊन आश्रमात पोचलो. शेरिलबाईंनी बरणी पाहून हात पुढे केला.

“घरचं आहे? मग फॉर्म भरायला लागेल. कशाकशाचं केलंय ते, दूध, मोहरी, काय असेल ते सगळं, बनवल्याची तारीख, फ्रिजचं तापमान. आणि ते टोचून बघायचं थर्मामीटर आणते स्वयंपाकघरातून. तोपर्यंत उघडायचं नाही हं.”

मला त्या बाईंबद्दल आदर वाटला. थकलेला, पण आदर. मी मांडीवर बरणी ठेवून फॉर्म भरायला बसलो. ह्यात ‘इतर’ची चौकट होती.

सासरेबुवांपुढे बीफचं ताट आलं होतं. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. “आण,” ते म्हणाले.

“फॉर्म चाललाय, बाबा.”

“गटारवाला,” ते म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघू लागले.

डोरीननं त्यांच्यापुढे पत्रांचा गठ्ठा ठेवला. “काल गावात गडबड झाली, बाबा. सिरिलमुळे. तुम्ही गेलात अशी बातमी पसरली.”

“मी?” त्यांनी चष्मा पुढे ओढला. “मग? कोणी आलं का?”

“सात घरची भांडी आली.”

“सात?” त्यांनी ताट बाजूला सरकवलं. मग वरचं पाकीट उचललं. ओठ हलवत, हळूहळू वाचू लागले. ग्रेव्हीचं पत्र वाचून म्हणाले, “गढूळ नव्हे, मी डबक्याचं पाणी म्हणालो होतो. पण बाई प्रामाणिक.” पुढचं पत्र वाचलं. मग त्याच्या पुढचं. मग ते सुरीच्या पत्रापाशी आले आणि तिथे पुष्कळ वेळ थांबले. कागद त्यांच्या त्या मोठ्या, हाडं तोडलेल्या हातांत जरा हलत होता. जेवणघरात काट्याचमच्यांचा आवाज चालला होता. शेरिलबाई अजून थर्मामीटर शोधत होत्या.

सासरेबुवांनी चष्मा काढला. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, मिशीवरून हनुवटीवर, तिथून टायवर. डोरीननं रुमाल पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. बाहीनं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि माझ्याकडे बघून, कित्येक वर्षांत काढला नसेल अशा आवाजात म्हणाले,

“जहाल झालंय रे तुझं हॉर्सरॅडिश.”

बरणी माझ्या मांडीवर होती. झाकण घट्ट होतं.

“हो,” मी म्हणालो, “जरा जास्तच झालंय.”

त्यांनी ताट जवळ ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.